यंत्राला आज्ञा कोणत्या भाषेत द्यायची?

आफ्रिकेतील योरुबा असो, जबलपूर विभागातील गोंडी असो किंवा आपली मराठी असो. संगणकाच्या पडद्यावर या भाषांची अक्षरे आता उमटतात. त्या भाषांत संगणकाला आज्ञा देता याव्यात का, हा प्रश्न मात्र भाषिक अभिमानापेक्षा शिक्षणाचा आणि शासनव्यवहाराचा अधिक आहे.

जबलपूर महसूल विभागातील बालाघाट जिल्ह्यात १९१८ साली मुन्शी मंगलसिंह मसराम या गोंड गृहस्थांनी आपल्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. गोंडी बहुतेक ठिकाणी देवनागरी, तेलुगू अशा शेजारच्या लिप्यांच्या आधाराने लिहिली जात असे, किंवा लिहिलीच जात नसे. मसराम यांच्या अक्षरांना जगभरच्या संगणकांनी ओळखावे यासाठी लागणारे संकेतांक युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत, म्हणजे जून २०१७ मध्ये मिळाले. मधे ९९ वर्षे गेली. आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा गावी सापडलेल्या जुन्या हस्तलिखितांतील दुसऱ्या गोंडी लिपीलाही पुढच्याच वर्षी असे स्थान मिळाले.

२०११च्या जनगणनेनुसार गोंडी ही २९ लाख ८४ हजार ४५३ लोकांची मातृभाषा आहे. मध्य प्रदेश, छत्तीसगड, महाराष्ट्र, तेलंगणा आणि आसपासच्या राज्यांत ती विखुरलेली आहे आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश नाही. ज्या गढा-मंडला राज्यात राणी दुर्गावतीने १५६४ मध्ये मोगल सरदार आसफखानाशी लढताना प्राण दिले, त्या राज्याचे गढा आज जबलपूर शहरातच सामावले आहे आणि शहरातील विद्यापीठाला राणीचे नाव आहे. याच शहरात २००५ पासून माहिती तंत्रज्ञान, अभिकल्प व उत्पादन या विषयांची केंद्रीय संस्था चालते. तेथे येणारा विद्यार्थी मंडला किंवा दिंडोरीच्या गोंडीभाषक घरातला असेल, तर आधी शाळेसाठी हिंदीची आणि मग प्रोग्रॅमिंगसाठी इंग्रजीची, अशा दोन पायऱ्या चढून तो आलेला असतो. या पायऱ्यांची उंची कमी करता येईल का, हा या लेखाचा विषय आहे.

आफ्रिकेतला अनुभव

हा प्रश्न आफ्रिकेत आपल्याहून अधिक तीव्र आहे, कारण तेथील बहुतेक देशांत शिक्षणाची भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा पोर्तुगीज आहे आणि घरातली भाषा वेगळी. नायजेरियातील एका तरुण अभियंत्याने ‘योरलँग’ नावाची प्रोग्रॅमिंग भाषा तयार केली. तिच्यातील आज्ञा योरुबा भाषेतील शब्दांत दिल्या जातात. इथिओपियात अम्हारिक भाषेसाठीही असे प्रयत्न झाले आहेत. मात्र या प्रत्येक प्रयत्नाला आधी लिपीचा उंबरठा ओलांडावा लागला. पश्चिम आफ्रिकेतील मांदे गटाच्या भाषांसाठी सुलेमान कांते यांनी १९४९ मध्ये ‘न्को’ लिपी रचली. युनिकोडमध्ये ती २००६ साली आली. गिनी देशातील बॅरी आडनावाच्या दोन शाळकरी भावांनी १९८९ मध्ये फुलानी भाषेसाठी ‘अदलम’ लिपी तयार केली. तिला २०१६ पर्यंत थांबावे लागले. योरुबा रोमन लिपीत लिहिली जात असल्याने तिचा मार्ग सोपा वाटेल. पण त्या भाषेत ‘ओको’सारखा एकच शब्द स्वराघात बदलला की पती, कुदळ किंवा वाहन असा अर्थ देतो, आणि ते स्वराघात दाखवणारी चिन्हे साध्या कळफलकावर नसतात. चिन्हे गाळली की अर्थ संदिग्ध राहतो, आणि संगणकाला संदिग्धता चालत नाही.

आफ्रिकेतील या चळवळीला एक बौद्धिक बाजूही आहे. योरुबांच्या ‘इफा’ या शकुनपरंपरेत आठ खुणांचा एक संच असतो आणि प्रत्येक खूण एकेरी किंवा दुहेरी असते. त्यातून २५६ संच तयार होतात, म्हणजे संगणकाच्या एका बाइटमध्ये मावतात तितकेच. मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. शाळेत वृत्ते शिकताना आपण य, र, त, न, भ, ज, स, म हे आठ गण पाठ करतो. लघु आणि गुरू या दोनच घटकांच्या तीन-तीनच्या जुळण्या आठच होऊ शकतात, हे पिंगलाच्या परंपरेने कधीच मांडून ठेवले आहे. आपल्या किंवा योरुबांच्या पूर्वजांकडे संगणक होता, असा याचा अर्थ काढू नये; इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या मोहापासून दूरच राहावे. अर्थ एवढाच की, नियमबद्ध विचार करण्याची क्षमता एखाद्या भाषेची मिरासदारी नाही. मग संगणकाच्या आज्ञा इंग्रजीतच का?

इंग्रजी कशी आली

याचे उत्तर तंत्रज्ञानापेक्षा बाजारात अधिक सापडते. अमेरिकी नौदलातील गणितज्ञ ग्रेस हॉपर या १९५०च्या दशकात फिलाडेल्फियात रेमिंग्टन रँड या कंपनीसाठी काम करत होत्या. व्यापारी हिशेबासाठी संगणकाला बीजगणिती चिन्हांऐवजी शब्दांत आज्ञा देता याव्यात, असा त्यांचा प्रस्ताव होता. यंत्राला शब्द म्हणजे चिन्हांची एक माळ, हे पटवण्यासाठी त्यांनी तोच नमुना इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही करून दाखवला. त्यांनी नंतर सांगितलेल्या आठवणीनुसार वरिष्ठ त्यामुळे हादरले. फिलाडेल्फियात बनलेल्या अमेरिकी यंत्राला फ्रेंच किंवा जर्मन कळणे त्यांना अशक्यच वाटले, आणि यापुढे सारे इंग्रजीतच राहील असे आश्वासन हॉपर यांना द्यावे लागले. त्या कामातून ‘फ्लो-मॅटिक’ आणि पुढे ‘कोबोल’ ही भाषा घडली. बँकांच्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या हिशेबावर तिने अनेक दशके राज्य केले.

यंत्राला इंग्रजी कळते, हा समज तेव्हाही चुकीचा होता आणि आजही आहे. सी या भाषेच्या मूळ प्रमाणात ३२ राखीव शब्द होते. आजच्या पायथनमध्ये ते ३५ आहेत. ‘इफ’च्या जागी ‘जर’ ठेवल्याने यंत्राचे काही बिघडत नाही. म्हणूनच अनेकांना हे काम सोपे वाटते: पस्तीस शब्दांचे भाषांतर करा आणि मराठी प्रोग्रॅमिंग भाषा तयार. भारतात असे प्रयत्न झालेही आहेत. हिंदीतील ‘हिंदवी’, तमिळमधील ‘एळिल’, भारतीय भाषांतील शब्द वापरणारी ‘कलाम’ ही त्यांतील काही नावे. त्यांच्यामागे एकेकट्या अभियंत्यांचे कष्ट आणि जिद्द आहे. तरीही यांपैकी एकही राष्ट्रीय शालेय अभ्यासक्रमाचा आधार झाली नाही. अडचण त्या पस्तीस शब्दांच्या पलीकडे आहे.

शब्दांपलीकडची भाषा

पहिली अडचण वाक्यरचनेची. इंग्रजीत आज्ञेतले क्रियापद आरंभी येते, मराठीत शेवटी. ‘छाप नाव’ असे मराठी माणूस बोलत नाही. तो ‘नाव छाप’ म्हणतो. इंग्रजीतील अट ‘इफ’ने सुरू होते, मराठीत ‘जर’ पुष्कळदा गाळले जाते आणि भार ‘तर’वर येतो: पाऊस आला तर थांबू. ‘एळिल’च्या कर्त्याने हे ओळखून अट आधी आणि ‘आनाल्’ हा तमिळ शब्द नंतर अशी रचना ठेवली. जपानी भाषेची वाक्यरचना या बाबतीत मराठीजवळची आहे. १९८५ साली आलेली ‘माइंड’ आणि २००४ मधली ‘नादेशिको’ या जपानी प्रोग्रॅमिंग भाषांत विभक्तीच्या खुणा आणि शेवटी येणारे क्रियापद हीच रचना स्वीकारली आहे.

पुनरावृत्तीची आज्ञा पाहिली तर फरक आणखी स्पष्ट होतो. पाणी उकळेपर्यंत ढवळत राहायचे असेल, तर आपण दोन प्रकारे सांगतो: ‘पाणी उकळेपर्यंत ढवळ’ किंवा ‘जोपर्यंत पाणी उकळत नाही तोपर्यंत ढवळत राहा’. दुसऱ्या वाक्यातला नकार गाळला तर अर्थ उलटतो. इंग्रजीतील ‘अन्टिल’ला ‘जोपर्यंत’ हा शब्द चिकटवून जो कोणी मोकळा होईल, तो मुलांना चुकीचे तर्कशास्त्र शिकवील. थोडक्यात, हे काम कोशातून शब्द उचलून होणारे नाही; त्याला भाषेच्या अभ्यासकाची जोड हवी.

दुसरी अडचण लिपीची. पायथनने २००८ पासून नावे देण्यासाठी देवनागरीसह जगातील बहुतेक लिप्या खुल्या केल्या. ‘खातेदार’ किंवा ‘क्षेत्रफळ’ असे नाव आज त्या भाषेत विनाअडथळा चालते. पण ‘वाऱ्या’ किंवा ‘तऱ्हा’ या शब्दांतील मराठीचा खास र दोन प्रकारे टंकित होतो: ‘ऱ’ या अक्षरापासून, किंवा साध्या ‘र’ला एक अदृश्य जोडचिन्ह लावून. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला ते वेगळे आहेत आणि ते अदृश्य चिन्ह नावात आले तर पायथन चूक दाखवते. मजकूर म्हणून दिलेला ‘१२’ हा आकडा ती बारा म्हणून ओळखते. आज्ञावलीत मात्र तोच आकडा देवनागरीत थेट लिहिलेला तिला चालत नाही. अरबी शब्दांवर उभारलेल्या ‘कल्ब’ या प्रायोगिक भाषेच्या कर्त्याला असेच आढळले होते: भाषा तयार झाली, पण भोवतालची सारी साधने डावीकडून उजवीकडे लिहिली जाणारी रोमन लिपीच गृहीत धरून बसलेली होती.

तिसरी अडचण सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी चर्चिली जाणारी. नवशिक्याचा वेळ आज्ञा लिहिण्यापेक्षा चुका शोधण्यात अधिक जातो. चूक झाली की यंत्र जो संदेश दाखवते तो इंग्रजीत असतो, मदतीचे पान इंग्रजीत असते, आणि ज्या मित्राला विचारावे त्याचेही ज्ञान इंग्रजीतूनच आलेले असते. राखीव शब्द मराठी आणि चुकांचे संदेश इंग्रजी, अशा व्यवस्थेत मूल पहिल्याच चुकीला अडते. मातृभाषेतील आज्ञांचा उपयोग होतो का, याचे उत्तर मात्र आपल्याकडे आहे. ‘स्क्रॅच’ या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग साधनाच्या वापरकर्त्यांचा पाच देशांतील अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या मुलांनी स्वतःच्या भाषेतील आज्ञा वापरल्या, ती मुले त्याच देशातील इंग्रजी आज्ञा वापरणाऱ्या मुलांपेक्षा नव्या संकल्पना अधिक वेगाने वापरू लागल्याचे त्यात दिसले.

यश कोठे मिळाले, अपयश कोठे

जगातील जुन्या प्रयोगांकडे पाहिले तर एक सूत्र हाती लागते. मायक्रोसॉफ्टने १९९०च्या दशकात आपल्या ऑफिस संचातील प्रोग्रॅमिंग भाषेचे जर्मन, फ्रेंच असे स्थानिक अवतार काढले होते. एका भाषेत लिहिलेली आज्ञावली दुसऱ्या देशात दुरुस्त करणे कठीण होऊ लागले आणि कंपनीने तो प्रयोग सोडला. पण त्याच संचातील एक्सेलची सूत्रे आजही जर्मन माणूस जर्मन शब्दांत लिहितो. बेरजेसाठी तो ‘झुम’ लिहितो. तीच फाइल पुण्यात उघडली की आपल्याला ‘सम’ दिसते. कारण फाइलच्या आत सूत्र वापरणाऱ्याच्या भाषेत नसते, ते एकाच ठरावीक रूपात साठवलेले असते. वापरणाऱ्याच्या भाषेप्रमाणे शब्द केवळ पडद्यावर बदलतात. ‘स्क्रॅच’ याच तत्त्वावर चालते. नेदरलँड्समध्ये २०२० मध्ये तयार झालेली ‘हेडी’ ही शिकाऊ भाषादेखील मुलांना मातृभाषेतील शब्दांनी सुरुवात करून टप्प्याटप्प्याने पायथनपर्यंत नेते. आत एक, बाहेर अनेक, ही रचना टिकते. प्रत्येक भाषेसाठी वेगळा किल्ला बांधला की तो ओस पडतो.

दुसरे सूत्र रशियाने दिले. ‘वन-सी’ या रशियन कंपनीच्या हिशेबप्रणालीत रशियन शब्दांत आज्ञावली लिहिता येते आणि पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशात तिचा वापर अफाट आहे. राष्ट्राभिमानाने हे घडले नाही. रशियन कर-कायदे, रशियन पावत्या आणि रशियन हिशेबनीस यांच्यासाठी ती बनली. काम रशियन होते म्हणून भाषा रशियन राहिली.

महाराष्ट्राच्या इतिहासाला हे अनोळखी नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंडितांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करवून घेतला आणि फारसी कारभारी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही अर्ज, दप्तर, हुकूम, तारीख, वसूल हे शब्द आजच्या मराठीत नांदत आहेत. मराठी कारभाराची भाषा झाली ती मात्र पक्की, कारण गावोगावचे महसुलाचे हिशेब कुलकर्णी मोडीत आणि मराठीत लिहीत होते. पुढे जबलपूर आणि नागपूर १९५६ पर्यंत एकाच प्रांतात असताना, हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान देणाऱ्या त्या प्रांतात डॉ. रघुवीर यांनी प्रचंड परिभाषा घडवली. तिच्यातील काही शब्द रुजले, पुष्कळ कोशातच राहिले. शब्द सरकारने सुचवावेत. ते ठरतात वापराने.

कारभाराची आज्ञावली

येथे धोरणाचा खरा प्रश्न सुरू होतो. आज नागरिकाला मिळणारा दाखला, शिधा, निवृत्तिवेतन, शेतजमिनीचा उतारा, सारे कोणत्या ना कोणत्या आज्ञावलीतून जाते. कायद्यातील नियम आता राजपत्राबरोबरच संगणकातही लिहिलेला असतो आणि अंमल प्रत्यक्षात संगणकातल्या नियमाचा होतो. तीन दशकांहून अधिक काळ प्रशासनात काढलेल्या माणसाला एक गोष्ट ठाऊक असते: नियम आणि त्याची संगणकीय आवृत्ती यांत फरक पडला, तर टेबलावर बसलेला कारकून ‘सिस्टीम घेत नाही’ एवढेच सांगू शकतो. तो खोटे बोलत नसतो. आत काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नाही, आणि ज्याने लिहिले आहे त्याला महसुलाचा कायदा ठाऊक नसतो.

सातबाऱ्याचेच उदाहरण घ्या. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख, बारा ही पिकांची नोंद, सहा हे फेरफार. ‘भोगवटादार वर्ग-२’ या तीन शब्दांत जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होणार नाही, हा सारा कायदा सामावलेला आहे. ‘कूळ’, ‘इनाम’, ‘पोटखराबा’, ‘आणेवारी’ यांना चपखल इंग्रजी शब्द नाहीत. मध्य प्रदेशातील ‘खसरा’ आणि ‘नामांतरण’ यांनाही नाहीत. आज्ञावलीत या संकल्पनांना कामचलाऊ इंग्रजी नावे दिली की दोन वेगळ्या गोष्टी एका नावाखाली जाण्याचा धोका असतो. उलट रकान्यांची आणि नियमांची नावे मूळ शब्दांत ठेवली, तर तलाठी किंवा पटवारी आज्ञावली लिहू शकला नाही तरी ती वाचून ‘येथे चुकले आहे’ असे बोट ठेवू शकेल. राखीव शब्द इंग्रजी राहिले तरी हे आजच्या आज शक्य आहे. नवी भाषा जन्माला घालण्याची वाट पाहायला नको.

फ्रान्सने याच्याही पुढे पाऊल टाकले आहे. तेथील इन्रिया या राष्ट्रीय संशोधन संस्थेत ‘काताला’ नावाची भाषा खास कायद्यांसाठी तयार झाली. तीत कायद्याचे कलम आणि त्याची आज्ञावली एकाखाली एक लिहिली जाते, राखीव शब्द फ्रेंचमध्येही उपलब्ध आहेत, आणि वकील व अभियंता शेजारी बसून ओळीमागून ओळ तपासू शकतात. करआकारणी आणि घरभाडे साहाय्याच्या गुंतागुंतीच्या नियमांवर तिचे प्रयोग झाले आहेत. जबलपूर हे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ आहे आणि शहरात माहिती तंत्रज्ञानाची केंद्रीय संस्थाही आहे. विधिज्ञ, महसूल अधिकारी आणि संगणक अभियंते एका टेबलावर बसवून राज्याचा एखादा छोटा नियम, समजा वारस नोंदीचा, हिंदीत आणि आज्ञावलीत शेजारी-शेजारी लिहिण्याचा प्रयोग येथे सहज होऊ शकतो. महाराष्ट्रात मराठीत तो करण्यास पुण्यापेक्षा योग्य जागा कोणती? सी-डॅकने १९८८ पासून भारतीय लिप्यांना संगणकावर बसवण्याचे काम तेथूनच केले आहे.

शिक्षणाच्या बाजूनेही जमीन तयार होते आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये सहावीच्या आसपास प्रोग्रॅमिंगची ओळख सुचवली आहे. २०२१ मध्ये आठ राज्यांतील १४ अभियांत्रिकी महाविद्यालयांना मराठीसह पाच भारतीय भाषांतून शिकवण्याची मुभा मिळाली. मध्य प्रदेशाने १६ ऑक्टोबर २०२२ रोजी वैद्यकीय शिक्षणाची पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके प्रसिद्ध केली. त्या राज्याचे वैद्यकीय विद्यापीठ जबलपूरलाच आहे. त्या पुस्तकांत इंग्रजी संज्ञा देवनागरीत तशाच ठेवल्या, म्हणून काहींनी थट्टा केली. मला तो निर्णय व्यवहार्य वाटतो. विचाराची वाक्ये आपली आणि संज्ञा जगाच्या, ही तडजोड विद्यार्थ्याला पुढे अडवत नाही. प्रोग्रॅमिंगच्या शिक्षणातही ‘लूप’ हा शब्द ठेवून तो म्हणजे काय, हे घाण्याच्या बैलाच्या उदाहरणाने मराठीत समजावणे अधिक मोलाचे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप नोकरीचा: उद्योगाची भाषा इंग्रजी आहे, मग मुलांना वेगळ्या वाटेने का न्यावे? त्याचे उत्तर ‘आत एक, बाहेर अनेक’ या रचनेत आहे. मुलाने मराठीत लिहिलेली आज्ञावली एका कळीवर इंग्रजी शब्दांत दिसू लागली, तर मातृभाषा ही पहिली पायरी ठरते. ज्यांना पुढे जायचे नाही, त्यांनाही निदान एवढे कळेल की यंत्र निर्णय घेते म्हणजे कोणीतरी आधी लिहिलेला नियम पाळते. लोकशाहीतील नागरिकाला हे कळणे कमी महत्त्वाचे नाही.

दुसरा आक्षेप नवा आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आता साध्या बोलीतील सूचनेवरून आज्ञावली लिहून देते; मग प्रोग्रॅमिंग भाषेची भाषांतरे करण्याचा खटाटोप कशाला? पण ही सोय त्याच भाषांना लाभते ज्यांचा लिखित मजकूर विपुल आहे. मराठीचे कसेबसे निभेल, गोंडीचे काय? शिवाय यंत्राने लिहून दिलेला नियम बरोबर आहे का, हे तपासण्यासाठी तो वाचता यावा लागतो. लिहिण्याचे काम यंत्राकडे गेले तर वाचता येण्याची गरज वाढते, आणि वाचनाला भाषा लागते.

गोंडीसाठी काय करता येईल

गोंडीत पूर्ण प्रोग्रॅमिंग भाषा उभी करण्याची घोषणा उद्या झाली, तर ती फलकावरच राहील. आधी पाया हवा, आणि त्यातील काही दगड बसवलेही गेले आहेत. ‘सीजीनेट स्वर’ या नागरिक-वार्तेच्या उपक्रमाने निरनिराळ्या राज्यांतील गोंडीभाषकांना एकत्र बसवून समान शब्दकोशाचे काम केले, कारण मंडल्याची, बस्तरची आणि आदिलाबादची गोंडी एकमेकींपासून दूर गेली आहे. केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आदिवाणी’ हे भाषांतर साधन प्राथमिक स्वरूपात खुले केले. त्यात संताली, भिली, मुंडारी यांच्याबरोबर गोंडी आहे. अनुसूचीबाहेरच्या भाषेसाठी शासनाने असे काही करणे हे स्वागतार्ह पाऊल आहे.

पुढच्या पावलांचा क्रम माझ्या मते असा असावा. गोंडी लिप्यांचे कळफलक शाळेच्या स्वस्त संगणकावर आणि मोबाइलवर आधीपासून बसवलेले असावेत. युनिकोडमध्ये अक्षर असणे आणि मुलाच्या बोटाखाली अक्षर असणे यांत फार अंतर आहे. मसराम लिपी, गुंजाळा लिपी की देवनागरी, याची निवड समाजाने करावी; शासनाने तिन्हींना वाट मोकळी ठेवावी. त्यानंतर ‘स्क्रॅच’ किंवा ‘हेडी’सारख्या मुक्त साधनांतील मोजक्या आज्ञा, चुकांचे संदेश आणि पहिले वीस धडे गोंडीत आणावेत. ही साधने कोणालाही भाषांतरासाठी खुली आहेत, त्यामुळे येथे पैशांपेक्षा माणसांची गरज आहे: गोंडी बोलणारे शिक्षक, भाषाभ्यासक आणि अभियंता यांचा एक छोटा गट, आणि तो मोडू नये यासाठी पाच-दहा वर्षांची शाश्वती. आजवरच्या भारतीय प्रयत्नांना या शाश्वतीचीच उणीव भासली. एका उत्साही माणसाने भाषा उभी करावी, त्याची नोकरी बदलावी आणि साधनाची डागडुजी थांबावी, हे चक्र सार्वजनिक संस्थेने हाती घेतल्याशिवाय थांबणार नाही. शासकीय योजनांत उद्घाटनाला निधी मिळतो, देखभालीला मिळत नाही. रस्त्यांबाबत जे खरे आहे ते भाषेच्या साधनांबाबतही खरे आहे.

मराठीला हे सारे अधिक सोपे आहे. तिच्याकडे राज्य आहे, विद्यापीठे आहेत, परिभाषाकोश आहेत आणि लाखो शाळकरी मुले आहेत. म्हणून तिची जबाबदारीही मोठी. महाराष्ट्राने चुकांच्या संदेशांचे, जोडाक्षरांच्या प्रमाणीकरणाचे आणि शासकीय आज्ञावलींतील नावांचे नियम नीट बसवून दिले, तर गडचिरोलीच्या गोंडी शाळेला त्याच साच्यात आपले शब्द भरता येतील आणि तेथून ते मंडल्यापर्यंत पोहोचतील. मसराम यांच्या अक्षरांना संगणकापर्यंत यायला ९९ वर्षे लागली. त्या अक्षरांत एखाद्या मुलीने ‘पाऊस आला तर’ अशी पहिली अट लिहावी आणि यंत्राने ती पाळावी, यासाठी तेवढी वर्षे लागण्याचे कोणतेही तांत्रिक कारण नाही. उरते ते प्रशासकीय कारण. आणि प्रशासकीय कारणे दूर करणे हे तर शासनाचेच काम आहे.

(लेखक जबलपूर येथील निवृत्त सनदी अधिकारी व इतिहासाचे अभ्यासक आहेत. अनुवादित लेख.)